गोळी केव्हा सुरू करावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संमेलनाच्या चिटणिसांनी मला पत्र लिहिले तेव्हा 'कर्करोग : कारणे व प्रतिबंध' असा विषय सुचविला होता. विषय मोठा आहे आणि सभेला शोभेसा आहे. परंतु त्यावर दर वर्षी कोठे ना कोठे व्याख्यान होतच असते, आणि ते ऐकून घरी परतणाऱ्या बाईच्या हाती त्यातून फारसे काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्यांच्या अनुमतीने आजचा विषय मी मुद्दाम चिंचोळा निवडला आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या पुष्कळ स्त्रियांना शस्त्रक्रिया, केमो, शेक या उपचारांच्या जोडीने किंवा त्यांच्या पाठोपाठ हॉर्मोनची गोळी द्यावी लागते. ती गोळी नेमकी केव्हा सुरू करावी, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यात दहा नातलग उभे असतात. केमोच्या वेळी डबा कोणी न्यावयाचा याच्या पाळ्या लागतात. पण हे सर्व आटोपल्यावर पाच वर्षे, क्वचित दहा वर्षे, रोज एक गोळी घ्यावयाची असते, आणि तिच्याकडे पाहावयास मात्र कोणी उरलेले नसते. वस्तुतः ज्या गाठी हॉर्मोनवर पोसल्या जातात त्यांच्या बाबतीत या गोळीचे बळ केमोहून कमी नाही. किंबहुना पुष्कळदा अधिकच असते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी जगभरच्या प्रयोगांतील हजारो स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, अशा गाठींमध्ये पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पुढील पंधरा वर्षांत या रोगाने येणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. काही रुपयांच्या गोळीने एवढे साधते, हे आपल्या घराघरांत ठाऊक असावयास हवे.

प्रथम एक गैरसमज दूर करते. 'हॉर्मोनची गोळी' हे नावच फसवे आहे. ऐकणाऱ्यास वाटते की बाईच्या शरीरात हॉर्मोन कमी पडले असावे आणि ते बाहेरून भरून द्यावयाचे आहे. प्रकार अगदी उलट आहे. स्त्रीच्या अंडाशयात, आणि पाळी गेल्यानंतर शरीरातील चरबी इत्यादी ठिकाणी, इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते. काही गाठींच्या पेशींवर हे इस्ट्रोजेन स्वीकारणारी जागा असते. तिला रिसेप्टर म्हणतात. गाठीला खाद्य मिळते ते या दारातून. टॅमॉक्सिफेन ही गोळी त्या दारात जाऊन बसते व इस्ट्रोजेनला आत येऊ देत नाही. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या दुसऱ्या जातीच्या गोळ्या इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत. म्हणजे ही चिकित्सा हॉर्मोन देण्याची नसून हॉर्मोन तोडण्याची आहे.

या कल्पनेचा उगम मोठा मनोरंजक आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली, हाताबाहेर गेलेल्या स्तनाच्या कर्करोगात स्त्रीचे अंडाशय काढून टाकल्यावर गाठ ओसरते, असे प्रसिद्ध केले. त्यांना हा विचार सुचला तो गुराख्यांच्या अनुभवावरून. काही देशांत व्यालेल्या गाईचे अंडाशय काढीत, म्हणजे ती अधिक काळ दूध देई. त्यावरून स्तन आणि अंडाशय यांचे काही अदृश्य नाते असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. 'हॉर्मोन' हा शब्द तोवर जन्मलाही नव्हता. तो १९०५ सालचा. टॅमॉक्सिफेनची कथाही अशीच आडवळणाची आहे. १९६२ साली इंग्लंडमधील एका औषध कंपनीत डोरा रिचर्डसन या विदुषीने ते द्रव्य प्रथम सिद्ध केले. कंपनीस हवे होते संततिनियमनाचे औषध. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. पुढे १९७१ साली मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयातून त्याचा कर्करोगावरील पहिला वृत्तान्त आला, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोळी केव्हा, हे ठरविण्यापूर्वी गोळी लागू आहे की नाही हे ठरले पाहिजे. आणि ते ठरते बायॉप्सीच्या तुकड्यावरून. पॅथॉलॉजीच्या अहवालात ई.आर. व पी.आर. अशी दोन अक्षरे-जोडी असतात. शंभरांतील एका पेशीवर जरी रिसेप्टर दिसला तरी गाठ 'पॉझिटिव्ह' समजण्याचा प्रघात आहे, जरी एक ते दहा टक्क्यांच्या गाठींत लाभ किती हे तितकेसे निश्चित नाही. येथे एक सूचना. काढलेला तुकडा योग्य प्रमाणातील फॉर्मॅलिनमध्ये वेळेवर पडला नाही, किंवा गावाकडून शहरात येईतो बाटलीतच दिवसचे दिवस राहिला, तर रिसेप्टर असूनही अहवालात 'निगेटिव्ह' येऊ शकते. सहा तासांहून कमी नाही आणि बहात्तर तासांहून अधिक नाही, अशी त्याची मर्यादा आहे. एका चुकीच्या 'निगेटिव्ह'ने बाई आयुष्यभर गोळीला मुकते. अहवालाविषयी संशय वाटल्यास तोच मेणातील तुकडा दुसरीकडे पुन्हा तपासून घेता येतो. तो ठोकळा रुग्णालयाकडून मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. संकोच करू नये.

गोळी लागू आहे असे ठरले, आणि डॉक्टरांनी केमोही सांगितली आहे, तर दोन्ही एकदम का सुरू करू नयेत? दोन शस्त्रांनी शत्रू लवकर मरेल, असे कोणासही वाटेल. मलाही शिकताना तसेच वाटे. परंतु केमोची औषधे मुख्यतः वाढत्या, विभागणाऱ्या पेशींना मारतात. आणि टॅमॉक्सिफेन तर पेशींना निजवून ठेवते. निजलेल्या पेशीवर केमोचा घाव बसत नसावा, अशी शंका शास्त्रज्ञांना होती. ही शंका पारखण्यासाठी अमेरिकेत पाळी गेलेल्या व काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या सुमारे १५५० स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. एका गटास नुसते टॅमॉक्सिफेन, दुसऱ्यास केमो संपल्यावर टॅमॉक्सिफेन, तिसऱ्यास दोन्ही बरोबर. त्याचा अंतिम वृत्तान्त २००९ साली आला. केमोनंतर गोळी घेणारा गट बरोबर घेणाऱ्यांपेक्षा सरस दिसला. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस काठावर उतरतो, निर्विवाद म्हणता येत नाही. स्पेनमधील एका लहान प्रयोगात तर तो दिसलाच नाही. तथापि दोन्ही एकदम घेतल्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि एकदम घेऊन अधिक लाभ झाल्याचे कोठेच आढळले नाही. तेव्हा धोका अधिक, लाभ नाही, असे असता कोण शहाणा तो मार्ग धरील? म्हणून आज सर्वत्र रीत अशी पडली आहे की, केमोची शेवटची खेप झाल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी, अंगात थोडी उभारी आली की गोळी सुरू करावी.

रेडिएशनचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेक किंवा 'लाईट' म्हणतात त्याचे, गणित निराळे आहे. शेक चालू असताना टॅमॉक्सिफेन घेतल्यास फुप्फुसाच्या कडेला व्रण अधिक पडतो काय, अशी भीती काही डॉक्टरांना वाटते. म्हणून ते शेक संपेपर्यंत थांबतात. उलट, गोळी शेकाबरोबर घेतलेल्या आणि नंतर घेतलेल्या स्त्रियांचे जुने कागद तपासून अमेरिकेत २००५ साली जे तीन वृत्तान्त आले, त्यांत रोग उलटण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे या ठिकाणी दोन्ही मार्ग चालण्याजोगे आहेत, आणि आपल्या डॉक्टरांचा जो प्रघात असेल तो मानावा. डॉक्टरांशी हुज्जत घालण्याची ही जागा नव्हे.

मात्र माझे एक स्पष्ट मत आहे, ते सांगते. शेक आता पूर्वीप्रमाणे पाच-सहा आठवडे चालत नाहीत. पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा खेपा देऊन संपवितात. तीन आठवडे गोळी थांबली तर काही बिघडत नाही. परंतु मशीनवर नंबर लागण्यासच दोन-तीन महिने लागणार असतील, आणि आपल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत हे होते, तर त्या रांगेच्या संपण्याची वाट पाहत गोळी अडवून धरण्यात मला अर्थ दिसत नाही. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारावे, "नंबर लागेपर्यंत गोळी सुरू करू का?" बहुतेक वेळा होकारच मिळतो.

दुसरा घोटाळा नेहमी होतो तो हर-टू नावाच्या गाठींत. त्यांना ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी देतात. घरच्यांना वाटते, इंजेक्शने चालू आहेत म्हणजे उपचार चालूच आहे. ती संपली की गोळी पाहू. हे चूक आहे. या इंजेक्शनाबरोबर हॉर्मोनची गोळी घेता येते आणि घ्यावयाची असते. केमोचा भाग संपला की गोळी सुरू व्हावी. इंजेक्शनांच्या शेवटासाठी थांबू नये.

ज्यांना केमोची गरजच नाही त्यांचा मार्ग सोपा. अलीकडे गाठीतील जनुकांची तपासणी करून केमो टाळता येते की काय हे पाहतात, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगाने असे दाखविले की, काखेत रोग न पोहोचलेल्या, पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ स्त्रियांना केमोचा काही अधिक फायदा होत नाही. ती तपासणी आपल्याकडे अजून महाग आहे, हे खरे. परंतु केमो नको असे ठरले, तर जखम भरली, अहवाल हाती आला, की काही आठवड्यांच्या आत गोळी सुरू करावी. शेक त्यानंतर येणार असले तरी हरकत नाही.

शस्त्रक्रियेच्या आधीच गोळी का नको, असेही कोणी विचारील. काही प्रसंगी देतात. फार वृद्ध किंवा हृदयविकाराने दुबळ्या झालेल्या स्त्रीस, अथवा मोठी गाठ लहान करून घेण्यासाठी, चार-सहा महिने लेट्रोझोल देऊन मग शस्त्रक्रिया करतात. २०२० साली करोनाच्या साथीत शस्त्रक्रियागृहे बंद पडली तेव्हा अनेक देशांत हाच पूल वापरला गेला. पण सरसकट सर्वांना शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर दोन-दोन आठवडे गोळी देऊन रोग उलटण्याचे प्रमाण घटत नाही, असे ब्रिटनमधील सुमारे साडेचार हजार स्त्रियांच्या प्रयोगात दिसून आले. आणि आजीला शस्त्रक्रियेचा त्रास नको, नुसती गोळी देऊ, असा विचार जे मायेपोटी करतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, सत्तरीपुढील स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांत नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांची गाठ त्याच जागी पुन्हा वाढण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. भूल सोसण्याजोगी प्रकृती असेल तर वय हे कारण पुरेसे नाही.

आता तरुण स्त्रियांविषयी, आणि येथे मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. कारण आपल्या देशात हा रोग पश्चिमेच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी, चाळिशी-पंचेचाळिशीतच, मोठ्या प्रमाणावर दिसतो. केमोने पाळी थांबते. बाई म्हणते, पाळी गेली. आणि तिला पाळी गेलेल्या स्त्रीची गोळी, म्हणजे लेट्रोझोल, दिली जाते. पण केमोने थांबलेली पाळी ही गेलेली पाळी नव्हे. अंडाशय महिनोन्‌महिने मूर्च्छित राहतात आणि मग जागे होतात. जागे होऊ पाहणाऱ्या अंडाशयावर लेट्रोझोलचा परिणाम उलट, म्हणजे त्याला अधिक चेतविण्याचा होऊ शकतो. पाळी दिसत नाही, गोळी चालू आहे, आणि इस्ट्रोजेन मात्र वाढतेच आहे, अशी विचित्र अवस्था होते. नको असता गर्भ राहिल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून पन्नाशीच्या आतील स्त्रीने, केमोने पाळी थांबली असल्यास, आरंभ टॅमॉक्सिफेनने करणे सुरक्षित. किंवा लेट्रोझोल-जातीची गोळी द्यावयाची असेल तर अंडाशय इंजेक्शनाने झोपवून अथवा शस्त्रक्रियेने काढून मग द्यावी, आणि रक्तातील इस्ट्राडायॉल मधून मधून तपासावे.

अंडाशय झोपविण्याची इंजेक्शने कोणाला व केव्हा, याचाही निकाल काही अंशी लागला आहे. ज्या तरुण स्त्रियांना केमो द्यावी लागली आणि तरीही पाळी टिकली किंवा परत आली, त्यांना या इंजेक्शनांचा अधिक लाभ होतो, असे २०१४ सालापासून प्रसिद्ध होत आलेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांनी दाखविले. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी तर केमोनंतर दोन वर्षांपर्यंत अंडाशयावर पाळत ठेविली. ज्यांचे जागे झाले त्यांना त्या वेळी इंजेक्शने जोडली, आणि त्यांना लाभ झाला. म्हणजे केमो संपताना घेतलेला निर्णय हा शेवटचा निर्णय नव्हे. वर्षभराने पाळी आली तर "आली, बरे झाले" असे म्हणून गप्प बसू नये, डॉक्टरांना कळवावे.

ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांची कुचंबणा मला विशेष जाणवते. टॅमॉक्सिफेन चालू असता गर्भ राहणे बाळाला घातक आहे. आणि गोळी तर पाच वर्षांची! म्हणून कित्येक तरुणी गोळीच सुरू करीत नाहीत, "आधी बाळ, मग गोळी" म्हणतात. त्यांना आता एक निराळा मार्ग सांगता येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात पाचशेंहून अधिक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळी घेतली, मग ती थांबवून, तिचा अंश शरीरातून जाण्यासाठी तीन महिने सोडून, दोन वर्षांपर्यंतच्या अवधीत मूल होऊ दिले आणि पुन्हा गोळी धरली. पहिल्या तीन वर्षांत त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण ८.९ टक्के होते. त्यांच्यासारख्याच, पण गोळी न थांबविलेल्या स्त्रियांत ते ९.२ टक्के होते. दीर्घकाळाचा निकाल यावयाचा आहे, हे विसरता कामा नये. परंतु क्रम ध्यानात घ्या : आधी गोळी, मग विराम, मग बाळ, मग पुन्हा गोळी. बीजांडे गोठवून ठेवण्याची इच्छा असेल तर ती गोष्ट मात्र केमोच्याही आधी बोलावी लागते. नंतर बोलून उपयोग नसतो.

हे झाले शास्त्र. आता आपल्या घरांतील गोष्टी.

एक प्रकार सांगते. नावगाव सांगत नाही. एका ज्ञातिभगिनीची शस्त्रक्रिया शहरात झाली. केमो जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांकडे, कारण तेथे माहेर जवळ. शेक पुन्हा शहरात, तिसऱ्या जागी. केमोच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिले, 'शेक झाल्यावर गोळी'. शेकाच्या डॉक्टरांची समजूत अशी की गोळी केमोवाल्यांनी सुरू केलीच असेल. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे ती गेली सहा महिन्यांनी, त्यांनी व्रण पाहिला, "उत्तम" म्हणाले. अकरा महिने ती बाई मनाने बरी होऊन संसार करीत होती, आणि गोळी कोणीच दिली नव्हती. माझ्याकडे ती आली खोकल्यासाठी. फाईल चाळताना हा प्रकार उघडकीस आला. यात दोष कोणा एकाचा नाही. प्रत्येकाने आपले काम चोख केले होते. काम राहिले ते दोघांच्या मधल्या जागेत.

म्हणून माझे सांगणे असे की, निदान झाल्यावर पहिल्याच भेटीत फाईलच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहून घ्याव्यात : गोळी कोण सुरू करणार, आणि साधारण कोणत्या महिन्यात. लिहिणारा घरातील कोणी शाळकरी मुलगाही चालेल. अमेरिकेत रुग्णालयांची प्रतवारी ठरविताना एक कसोटी अशी लावतात की, निदानापासून वर्षाच्या आत हॉर्मोनची चिकित्सा सुरू झाली की नाही, निदान तिचा विचार तरी झाला की नाही. वर्षाची ही सीमा बाहेरची आहे. तेथवर रेंगाळावे असा तिचा अर्थ नव्हे.

आणि ज्यांची वेळ आधीच टळली आहे त्यांनी निराश होऊ नये. फ्रान्समध्ये अशा स्त्रियांवर प्रयोग झाला होता की ज्यांच्या मूळ उपचारास दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि ज्यांना टॅमॉक्सिफेन मिळालेच नव्हते. त्यांपैकी निम्म्यांना ते उशिराने दिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निकालात, उशिरा का होईना, गोळी घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. या जातीच्या गाठी पंधरा-वीस वर्षांनीही डोके वर काढतात, हेच त्याचे कारण असावे. माझ्या त्या ज्ञातिभगिनीला मी हेच सांगितले, तिच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलले, आणि त्याच आठवड्यात तिची गोळी सुरू झाली.

परंतु डॉक्टरांच्या मधल्या जागेहून मोठी अडचण आपल्या उंबरठ्याच्या आत आहे, आणि या सभेत ती बोललीच पाहिजे. घरात उपवर मुलगी असते. आईला कर्करोग झाला हे स्थळाकडच्यांना कळू नये म्हणून शस्त्रक्रियेला 'गर्भाशयाचे ऑपरेशन' असे नाव देतात. केमोचे केस परत उगवले की सर्व झाकले गेले, असा घरच्यांचा समज होतो. मग रोजची गोळी कोणी पाहील, विचारील, या भयाने ती लग्न होईपर्यंत सुरूच होत नाही. अशी दोन-तीन घरे मला ठाऊक आहेत. आपल्या मंडळाचे वधूवर सूचक केंद्र उत्तम काम करते, त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच केंद्राच्या धाकाने एखादी आई आपली गोळी पुढे ढकलीत असेल, तर आपण सर्वांनी खाली पाहावे अशी ती गोष्ट आहे. स्तनाचे शंभर कर्करोग घेतले तर त्यांतील पाच ते दहाच काय ते एका जनुकदोषाने आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असतात. उरलेल्यांत मुलीला ठपका ठेवण्यास आधार नाही. आणि ज्या घरात तो दोष असेल तेथे तर मुलीला खरे कळणे तिच्याच जिवाच्या हिताचे आहे.

गोळी सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्यात, म्हणजे आरंभच चुकत नाही. पायात वा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली होती काय. मन उदास राहते म्हणून काही गोळ्या चालू आहेत काय, कारण त्यांपैकी फ्लुऑक्सेटीन, पॅरॉक्सेटीन यांसारख्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचे काम मंदावतात. दुसरी एखादी मोठी शस्त्रक्रिया ठरली आहे काय. लेट्रोझोल-जातीची गोळी हाडे विरळ करते, तेव्हा आरंभीच हाडांची तपासणी करून घ्यावी. टॅमॉक्सिफेन घेताना, पाळी गेलेल्या स्त्रीस रक्तस्राव दिसला तर तो कितीही थोडा असला तरी कळवावा, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, क्वचित का होईना, या गोळीने होऊ शकतो. अंगाची आग, सांधे धरणे, झोप मोडणे हे त्रास होतात. ते खोटे नाहीत, आणि सुनेने वा सासूने ते खोटे ठरवू नयेत. कॅलिफोर्नियात सुमारे पावणेनऊ हजार स्त्रियांची औषधांची नोंद पाहिली तेव्हा ठरलेली मुदत नियमितपणे पुरी करणाऱ्या फक्त ४९ टक्के निघाल्या. सुरू केलेली गोळी त्रासामुळे मुकाट्याने सोडण्याऐवजी डॉक्टरांकडून बदलून घेता येते.

कार्यकारी मंडळास एक विनंती आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून रुग्णालयातील मुक्कामाचे बिल दाखविल्याशिवाय मदत मिळत नाही. नियम केला तेव्हा तो योग्य होता. पण या चिकित्सेत मुक्काम नाही. आहे ती पाच वर्षांची गोळी, अंडाशय झोपविण्याची इंजेक्शने, वर्षाकाठी तपासण्या, आणि गावाहून येण्याजाण्याचे भाडे. टॅमॉक्सिफेन स्वस्त आहे, इंजेक्शने तशी नाहीत. दर महिन्याच्या औषधाच्या पावतीवर मदत देता येईल असे पोटकलम नियमांत घालावे, आणि अर्जदार भगिनीचे नाव अहवालात छापू नये, असा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत मांडण्याचा माझा विचार आहे. अनुमोदन देण्यास कोणी पुढे आल्यास मी आभारी होईन.

व्याख्यानापूर्वी काही भगिनींनी चिठ्ठ्या पाठविल्या होत्या, त्यांची उत्तरे देऊन थांबते. एकीने विचारले आहे की स्वयंपाकातील हळद चालते काय. चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. नेदरलँड्समधील एका लहान अभ्यासात त्यांनी टॅमॉक्सिफेनचा रक्तातील अंश काहीसा घटल्याचे दिसले. दुसरीने विचारले आहे की सकाळी घ्यावी की रात्री. कोणतीही एक वेळ ठरवावी आणि ती पाळावी. तिसरी चिठ्ठी नावाशिवाय आहे : "एकादशीस व श्रावणी सोमवारी निर्जळी असते, त्या दिवशी गोळी चुकवावी काय?" टॅमॉक्सिफेन भरल्या पोटीच घ्यावे असे बंधन नाही. घोटभर पाण्याबरोबर ती घ्यावी, आणि चुकवू नये.